झिजलेली कप्पी

उंच पेटीतले जुने इंग्लिश घड्याळ बंद पडले की घड्याळजीचे हात आधी यंत्राकडे जातात. तबकडी सुटते, यंत्र मेजावर येते, चक्रांचे दाते आणि ते एकेक करून सोडणाऱ्या अँकरची टोके भिंगाखाली तपासली जातात. त्या यंत्राला दिवसरात्र ओढणारी दोन शिशाची वजने तोवर कोपऱ्यात जमिनीवर उभी असतात. वजनांच्या डोक्यावर अडकवलेल्या कप्प्या मेजावर येतच नाहीत. यंत्र लखलखीत होते, तेलपाणी होते, घड्याळ परत पेटीत बसते आणि महिन्याभरात पुन्हा थांबते. दोष यंत्रात नव्हताच. तो कप्पीच्या झिजलेल्या आसात होता.

कप्पीत तशा चारच गोष्टी. कडेला खाच असलेले पितळी चाक, त्याच्या मधल्या भोकातून गेलेला पोलादी आस, आसाला दोन्ही बाजूंनी धरणारी घोड्याच्या रिकिबीसारखी वाकवलेली पट्टी आणि तिच्या बुडाशी वजन अडकवायचा आकडा. या पट्टीला इथे रिकीबच म्हणू. अशा एका जोडीवाचून इंग्लंडमधले आठ दिवस चालणारे घड्याळ चालू शकत नव्हते. तरीही घड्याळांच्या इतिहासावरच्या ग्रंथांत तबकड्यांना आणि पेट्यांना पानेच्या पाने मिळतात, कप्पीला मिळाली तर एखादी ओळ. हा अन्याय आहे आणि त्याची किंमत जुन्या घड्याळांनी मोजली आहे.

या कप्पीची गरज निर्माण झाली ती लंबकाच्या घड्याळामुळे. डिसेंबर १६५६ मध्ये डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियन हायगेन्सला लंबकाची युक्ती साधली आणि जून १६५७ मध्ये हेगच्या सालोमन कॉस्टर या घड्याळकाराला तशी घड्याळे करण्याचा हक्क मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनचा घड्याळकार अहासुएरस फ्रोमँटील याचा मुलगा जॉन कॉस्टरच्या कारखान्यात कामाला लागला. पुढच्या वर्षी, १६५८ च्या ऑक्टोबरात, फ्रोमँटीलची जाहिरात लंडनच्या वृत्तपत्रात झळकली. घड्याळे अचूक चालतात एवढे सांगून तो थांबला नाही. एकदा चावी दिली की आठवडा, महिना, इतकेच काय वर्षभरही चालतील अशी घड्याळे करता येतात, असे त्याने गिऱ्हाइकांना सांगितले.

त्याआधीच्या भिंतीवरच्या कंदील-घड्याळांना रोज दोरी ओढून चावी द्यावी लागे. श्रीमंत गिऱ्हाइकाला त्यातून सुटका हवी होती आणि फ्रोमँटीलने नेमके तेच विकायला काढले. पण आठवडाभर चालायचे तर वजनाला आठवडाभर खाली उतरायला जागा लागते. ती आणायची कुठून?

पुढे रूढ झालेल्या आठ दिवसांच्या घड्याळाचा हिशेब पाहिला की अडचण कळते. ज्या बॅरलवर वजनाची दोरी गुंडाळली जाते तो बारा तासांत एक फेरा घेतो. त्याच्यावर साधारण सोळा वेढे बसतात, म्हणजे सोळा वेळा बारा तास, म्हणजे आठ दिवस. बॅरलचा व्यास पाचेक सेंटिमीटर धरला तर सोळा वेढ्यांची दोरी अडीच मीटर भरते. वजन त्या दोरीच्या टोकाला थेट टांगले तर त्याला अडीच मीटर खाली यावे लागेल. माणसाहून थोड्याच उंच पेटीत, तेही यंत्राच्या खालच्या भागात, एवढी जागा नसते.

शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातली चल कप्पी इथे कामाला आली. दोरीचे एक टोक बॅरलला, दुसरे यंत्राखालच्या फळीला बांधायचे, मधल्या झोळात कप्पी आणि कप्पीला वजन. दोरी अडीच मीटर सुटली तरी वजन सव्वा मीटरच उतरते. मोबदल्यात यंत्राला वजनाची निम्मीच ओढ मिळते, म्हणून वजन दुप्पट घ्यायचे. आठ दिवसांच्या घड्याळात पाच ते सहा किलोची दोन वजने दिसतात ती यामुळे. एक चालीसाठी, दुसरे ठोक्यांसाठी.

या रचनेला पक्के रूप आले ते १६७० च्या सुमारास, अँकर एस्केपमेंटमुळे, म्हणजे लंबकाच्या झोक्याबरोबर चक्राचा एकेक दाता सोडणाऱ्या रचनेमुळे. त्याआधीचा आखूड लंबक फार झोके घेई. अँकरमुळे झोका लहान झाला आणि सेकंदाला एक टोक गाठणारा सुमारे एक मीटरचा लंबक अरुंद पेटीत मावू लागला. घड्याळकार विल्यम क्लेमेंटने १६७१ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजसाठी केलेले मनोऱ्याचे घड्याळ अँकरच्या सुरुवातीच्या नमुन्यांपैकी एक मानले जाते आणि ते लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. लंबक, दोन वजने, दोन कप्प्या आणि भोवती उंच पेटी, हा साचा पुढची दीडशे वर्षे फारसा बदलला नाही. टॉम्पियन आणि ग्रॅहॅम यांच्यासारख्या लंडनच्या नामवंतांपासून खेड्यातल्या घड्याळकारापर्यंत सगळे त्याच साच्यात काम करत होते.

चांगल्या घड्याळाची कप्पी सुरुवातीला मन लावून केलेली असे. चाकाला कानशीने कोरलेले आरे, नेमकी कातलेली खाच, रिकिबीला डौलदार वळण. पुढे घड्याळांची मागणी वाढली तशी आऱ्यांची जागा भरीव चाकाने घेतली. व्हिएन्नाच्या एकोणिसाव्या शतकातल्या उत्तम रेग्युलेटर घड्याळांत आऱ्यांच्या नाजूक कप्प्या टिकून राहिल्या, कारण तिथे काचेच्या दारातून वजन आणि कप्पी सदैव डोळ्यांसमोर असे. इंग्लिश पेटीचे दार लाकडी, आतले कुणाला दिसत नसे. न दिसणाऱ्या भागावरची मेहनत आधी कमी झाली.

आता झिजेकडे येऊ, कारण तिचे गणित वरवर उलटे दिसते. कप्पीच्या खाचेचा व्यास चार सेंटिमीटर धरला तर सव्वा मीटर उतरताना ती जेमतेम दहा फेरे घेते. आठवड्याला एकदा, म्हणजे सातच दिवसांनी, चावी दिली तर उतरतानाचे नऊ आणि चढतानाचे नऊ, असे वर्षाला साडेनऊशेच्या आतच. दोनशे वर्षांत होतात सुमारे एक लाख सत्त्याऐंशी हजार. दुसरीकडे सेकंदाचा काटा असलेल्या घड्याळाचे एस्केप व्हील, म्हणजे अँकर ज्याचे दाते सोडतो ते चक्र, मिनिटाला एक फेरा घेते, म्हणजे वर्षाला सव्वापाच लाख. कप्पी दोन शतकांत जेवढी फिरते त्याच्या जवळजवळ तिप्पट हे चक्र एका वर्षात फिरते. आणि तरी झिजलेली सापडते ती कप्पी.

याचे कारण भारात आहे. एस्केप व्हीलपर्यंत पोचताना ओढ अगदी क्षीण झालेली असते. कप्पीच्या आसावर मात्र सहा किलो अखंड लटकलेले असतात. घड्याळ बंद असतानाही हा भार सुटत नाही. त्यात फिरण्याची गती इतकी मंद, दिवसाला सव्वा फेरा, की आस आणि भोक यांच्यामध्ये तेलाचा पडदा तयारच होत नाही. धातू धातूवर घासत राहतो. पेटीच्या तळाशी कोळशाच्या शेगडीची काजळी, दोरीची कुसे, लाकडाचा भुसा जमतो आणि कप्पी आठवड्यातून एकदा त्या धुळीपर्यंत उतरून वर येते.

धुळीतले कठीण कण मऊ पितळात रुततात आणि तिथून पोलाद कापू लागतात. म्हणून मऊ पितळापेक्षा कडक पोलादी आसच अधिक खाल्लेला दिसतो. ज्यांनी अशी कप्पी कधी उघडली नाही त्यांना यावर विश्वास ठेवणे अवघड जाते. आस रिकिबीत घट्ट असेल तर तो फिरत नाही, चाक त्याच्याभोवती फिरते. भार खाली असल्याने आसाची खालची बाजू तेवढी झिजते आणि तिथे पायरी पडते. चाकाचे भोक सगळीकडून मोठे होते. आस रिकिबीत सैल झाला की चाकासोबत तोही फिरू लागतो आणि मग रिकिबीची दोन भोके वरच्या अंगाला लांबट होत जातात. झीज पाहून जाणकार सांगू शकतो की कप्पी किती काळ कोणत्या तऱ्हेने फिरली.

भोक मोठे झाले की चाक कलते. कललेल्या चाकाची कड रिकिबीला घासते, दोरी खाचेतून बाहेर चढते, कधी चाक आणि रिकीब यांच्यामध्ये अडकते. चावी देताना करकर ऐकू येते, वजन सरळ न उतरता अडखळत उतरते. यंत्राला मिळणारी ओढ कमीजास्त होते आणि जेमतेम शक्तीवर झुलणारा लंबक एखाद्या रात्री थांबतो. घड्याळ दर आठवड्याला ठरावीक वारीच थांबत असेल, तर मात्र कप्पीला दोष देण्याआधी पेटी हलवून पाहावी. वजन लंबकाच्या पातळीला आले की डगमगत्या पेटीत तेही लंबकाबरोबर झुलू लागते आणि त्याची शक्ती खाते. पेटी भिंतीला पक्की केली की तो आजार जातो.

कप्पीच्या झिजेमागे तेलाचेही दुखणे होते, आणि त्यावर अठराव्या शतकात एकाने मुळापासून विचार केला. जॉन हॅरिसन हा लिंकनशायरमधल्या बॅरो गावचा सुतार, पुढे समुद्रावरच्या रेखांशाचा प्रश्न सोडवून जगप्रसिद्ध झाला. त्या काळचे तेल प्राण्यांच्या चरबीचे किंवा वनस्पतींचे. काही महिन्यांत ते घट्ट होई, धूळ धरून ठेवी. हॅरिसनने तेल सुधारण्याच्या मागे न लागता तेलाची गरजच काढून टाकली. १७२२ च्या सुमारास ब्रॉकल्सबी पार्कच्या तबेल्यावर त्याने बसवलेल्या घड्याळाची चक्रे ओकच्या लाकडाची होती आणि फिरणारे भाग त्याने लिग्नम व्हिटे या लाकडावर टेकवले. हे लाकूड अतिशय कठीण, आणि त्यात स्वतःचे नैसर्गिक तेल असते. ते घड्याळ आजही चालते. हॅरिसनचा हा मार्ग बाकीच्या घड्याळकारांनी उचलला नाही. पितळ आणि पोलाद त्यांना सोयीचे होते, आणि कप्पी झिजलीच तर ती मुलाच्या किंवा नातवाच्या काळात झिजणार होती.

खेड्यापाड्यांत तीस तासांची स्वस्त घड्याळे चालत. त्यांत चावीचे भोक नसे. रोज पेटी उघडून दोरी किंवा साखळी ओढायची. तिथे हायगेन्सचीच दुसरी युक्ती वापरली जाई. दोन्ही टोके जोडलेली अखंड दोरी, तिच्या एका झोळात कप्पीवर वजन, दुसऱ्या झोळात दोरी ताणून धरणारे शिशाचे छोटे कडे. एकच वजन चाल आणि ठोके दोन्ही सांभाळी, शिवाय दोरी ओढतानाही चालीची ओढ तुटत नसे. उत्तर ऑक्सफर्डशायरमधले क्वेकर पंथाचे घड्याळकार, त्यांत अ‍ॅडरबरीचे गिल्क्स घराणे, अशा साध्या घड्याळांसाठी ओळखले जातात. या घड्याळांच्या कप्प्यांचे हाल सगळ्यांत जास्त. यंत्रातल्या खिळ्यांच्या चाकावर तागाची दोरी रोज फाटायची आणि तिची कुसे थेट खालच्या कप्पीच्या आसाभोवती गुंडाळली जायची. सफाई करताना आसाभोवती तेलात थिजलेला कुसांचा कडक लगदा निघतो, तो सुरीने खरवडावा लागतो.

एकोणिसाव्या शतकात अटलांटिकच्या पलीकडून या साच्याला धक्का बसला. कनेक्टिकटच्या एलाय टेरीने १८०६ मध्ये चार हजार लाकडी यंत्रे करून देण्याचा करार केला आणि तीन वर्षांत तो पुरा केला. एवढ्या संख्येने घड्याळे त्याआधी कुणी केली नव्हती. पुढे तिथल्याच चॉन्सी जेरोमने पत्र्यातून ठोकून काढलेल्या पितळी चक्रांचे तीस तासांचे घड्याळ बाजारात आणले आणि १८४२ मध्ये त्याचा साठा इंग्लंडला पाठवला. मालाची सांगितलेली किंमत इतकी कमी होती की लबाडी असावी या संशयाने तिथल्या जकात अधिकाऱ्यांनी नियमानुसार तीच किंमत अधिक दहा टक्के देऊन सगळा माल ताब्यात घेतला. जेरोमला रोख गिऱ्हाईक मिळाले. त्याने दुसरा साठा पाठवला, तोही तसाच गेला. ही हकीकत त्याने आपल्या आठवणींत आनंदाने लिहून ठेवली आहे.

जेरोमच्या घड्याळात कप्पी वजनावर बसत नाही, ती पेटीच्या माथ्यावर असते. दोरी यंत्रातून वर जाते, कप्पीवरून वळून वजनाकडे उतरते. अशा स्थिर कप्पीच्या आसावर वजनाच्या दुप्पट भार येतो, कारण दोरीच्या दोन्ही बाजू खाली ओढतात. घड्याळच इतके स्वस्त की कप्पीचा आस म्हणजे तारेचा तुकडा. माथ्यावरचे धुळीचे झाकण हरवले की वरची सगळी धूळ त्याच्यात. इथे दुरुस्ती म्हणजे नवी तार, एवढे सोपे.

इंग्लिश कप्पीची दुरुस्ती अशी सोपी नव्हती, आणि ती किती जणांनी किती वाईट केली हे त्या कप्प्याच सांगतात. भोक मोठे झाले तर त्याच्याभोवती टोचा मारून पितळ आत ढकलायचे, ही जुनी पळवाट. वरून भोक लहान दिसते. आत मात्र आसाला टेकायला पितळाचा पातळ काठ उरतो, तो काही वर्षांत पुन्हा खाल्ला जातो आणि चाकावर टोच्याचे खड्डे कायमचे राहतात. चाक डुगडुगते म्हणून रिकिबीचे गाल हातोडीने आत दाबणारे होते. आस निघून आला म्हणून लोखंडी खिळा ठोकणारे तर पुष्कळच होते. यंत्राच्या पाट्यांवर दुरुस्ती करणारे आपले नाव आणि तारीख ओरखडून ठेवत, इतिहास लिहिणाऱ्यांना ती फार उपयोगी पडते. कप्पीवर नाव घालण्याचे कुणाला सुचले नाही.

चांगली दुरुस्ती सुरू होते ती आसाच्या रिव्हेट केलेल्या टोकापासून. ते एका बाजूने कानशीने हळूच उतरवायचे आणि आस ठोकून बाहेर काढायचा. रिकीब वाकू नये म्हणून तिच्या गालांमध्ये आधार धरायचा. मग सगळे स्वच्छ करून झीज मापायची. भोक थोडेच मोठे झाले असेल तर ते गोल करून किंचित जाड आस बसवणे हा सर्वांत कमी हस्तक्षेपाचा उपाय. झीज जास्त असेल तर चाकाचे भोक मोठे करून त्यात पितळी बुश, म्हणजे अस्तरासारखी छोटी नळी, बसवावा लागतो. इथे एक चूक वारंवार होते. झिजलेल्या भोकालाच मध्य मानून चाक लेथवर धरले जाते. कललेल्या चाकाने भोक एका अंगाला खाल्लेले असेल तर तो मध्य खोटा असतो आणि नवा बुश ती चूक पक्की करतो. मध्य काढायचा तो दोरीच्या खाचेवरून. खाच लेथवर थरथर न करता फिरू लागली, की मगच भोक पाडायचे. बुश चाकाशी समतल कातला की तो शोधूनही सापडू नये.

नवा आस चांगल्या पोलादाचा, कातून गुळगुळीत केलेला. रिकिबीची लांबट झालेली भोकेही गोल करून, लागल्यास त्यांतही बुश घालून, आस तिथे घट्ट बसवायचा, म्हणजे फिरेल ते चाकच. टोके हलकेच रिव्हेट करून रिकिबीशी सपाट करायची. चाकाला आडवी फट कागदाच्या जाडीएवढी पुरे. आसाला तेलाचा एक थेंब, दोरीला अजिबात नाही. सराईत हाताला हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, आणि बाजारात नवी तयार कप्पी त्याहून कमी पैशांत मिळते. जुनी कप्पी फेकली जाते ती या हिशेबामुळे.

विसाव्या शतकात आणखी एक फरक पडला. पूर्वी दोरी म्हणजे मेंढीच्या आतड्याची तात असे. ती जुनी झाली की तिचे पीळ सुटू लागतात, कुसे निघतात आणि तुटण्याआधी पाहणाऱ्याला सूचना मिळते. तिच्या जागी पोलादी तार आली. तार सहसा तुटत नाही म्हणून ती लोकप्रिय झाली, पण ती बॅरलच्या आणि कप्पीच्या मऊ पितळी खाचांना कापते. घड्याळजींमध्ये यावर अजून वाद आहे. अडीचशे वर्षांची खाच वाचवायची असेल तर तात वापरावी आणि ती वेळेवर बदलावी, हेच बरोबर वाटते. वेळेवर न बदललेली तात तुटली तर सहा किलोचे शिसे पेटीचा तळ फोडून जाते, हेही खरे.

इंग्लिश कलावंत विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हा तिचा आग्रह होता की जुन्याची डागडुजी करा, त्याला नवे रूप देऊ नका. दगडी चर्चसाठी मांडलेला हा विचार घड्याळांपर्यंत यायला वेळ लागला. आज ससेक्समधल्या वेस्ट डीन कॉलेजसारख्या ठिकाणी घड्याळांचे जतन शिकवले जाते आणि जुना भाग शक्यतो ठेवणे, केलेल्या कामाची नोंद करणे हा त्या शिक्षणाचा पाया आहे. मोठ्या नावाच्या घड्याळाला ही शिस्त मिळते. साध्या घड्याळाच्या कप्पीला ती मिळेलच असे नाही.

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत भिंतीवर दिसणारी बहुतेक घड्याळे स्प्रिंगवर चालणारी आहेत, त्यांना कप्पीच नसते. पण गुस्ताव बेकरसारख्या जर्मन कारखान्यांची वजनांवर चालणारी घड्याळेही काही घरांत असतात. आपल्याकडे तसे असेल तर एवढे करावे. घड्याळ हलवण्याआधी वजने काढावीत आणि कोणते डावे, कोणते उजवे ही खूण करावी. समोरून पाहता उजवीकडचे बहुधा चालीचे असते आणि दोन्ही वजने सारखी असतीलच असे नाही. कप्पी हातात घेऊन चाक बोटाने आडवे हलवून पाहावे. ते डुगडुगत असेल, रिकिबीच्या आतल्या बाजूला घासल्याची चमक दिसत असेल, तर घड्याळजीला यंत्रासोबत कप्पीही द्यावी आणि ती बदलू नका, दुरुस्त करा, असे स्पष्ट सांगावे. काढलेला जुना आस मागून घ्यावा आणि तारखेची चिठ्ठी जोडून घड्याळाच्या पेटीतच ठेवावा.